बियाणे आणि सातबारा : चापिंगोच्या भिंतींविषयी

शेतीचा इतिहास लिहिताना आपल्याकडे दोन वेगळ्या वह्या ठेवल्या जातात. एकीत वाण, खते, पाणी, कीड आणि एकरी उतारा. ती कृषी महाविद्यालयांत शिकवतात. दुसरीत खोत, मालगुजार, कूळ, वेठ, गहाणखत आणि सातबारा; ती इतिहासाचे अभ्यासक आणि चळवळीतले लोक वाचतात. एक वही वाचणारा दुसरी सहसा उघडत नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला तेव्हा अशी फारकत नव्हती. सावकारी, भटशाही आणि गोऱ्या अंमलदारांचा कारभार यांवर त्यांनी ज्या पोटतिडकीने लिहिले, त्याच पोटतिडकीने वाहून जाणारा गाळ बांध घालून कसा अडवावा, जनावरांची पैदास कशी सुधारावी, शेतकऱ्याच्या मुलाला शेतकीचे शिक्षण कसे द्यावे, हेही लिहिले. पुढे ही दोन्ही अंगे एका नजरेत धरणारे फार थोडे झाले. त्याचे नुकसान आपण अजून भोगतो आहोत. वाणाची चर्चा मालकीला हात लावत नाही आणि मालकीची चर्चा मातीपर्यंत पोचत नाही.

या संग्रहात ज्या भिंतींची चित्रे आहेत त्या भिंतींवर ही दोन्ही अंगे समोरासमोर उभी आहेत. भिंती मेक्सिकोतल्या. राजधानीच्या पूर्वेला तेश्कोको गावाजवळ चापिंगो नावाचे ठिकाण आहे. तिथल्या कृषिशाळेत, जी आज विद्यापीठ आहे, दिएगो रिवेरा या चित्रकाराने १९२४ ते १९२७ या काळात ही चित्रे रंगवली. मराठी वाचकाने इतक्या दूरच्या भिंतींकडे का पाहावे याला माझ्याकडे दोन उत्तरे आहेत. पहिले वर आलेच. दुसरे असे, की रिवेरा जेव्हा चापिंगोत परांचीवर चढून रंगवत होता, त्याच वर्षांत त्याच शाळेत वर्ध्याचा एक माणूस मेक्सिकन पोरांना पीकशास्त्र शिकवत होता. त्या माणसाविषयी पुढे सविस्तर लिहितो.

आधी जागा समजून घ्यावी लागते, कारण जागेशिवाय ही चित्रे निम्मीच कळतात. चापिंगो मुळात एक आसिएंडा होती. आसिएंडा म्हणजे हजारो एकरांची जहागीर, तिच्या मधोमध मालकाचा वाडा, कोठारे, प्रार्थनामंदिर आणि भोवती राबणाऱ्यांची वस्ती. विदर्भातल्या वाचकाला मालगुजाराचा वाडा आठवला तर बरेचसे चित्र डोळ्यांपुढे येईल. फरक आकाराचा आणि कर्जाच्या पद्धतीचा. राबणाऱ्याला मालकाच्याच दुकानातून उधारीवर माल घ्यावा लागे आणि ती उधारी बापाकडून मुलाकडे जाई, त्यामुळे जहागीर सोडून जाण्याचा रस्ताच बंद. चापिंगो आधी जेझुइट पाद्र्यांची होती. १७६७ मध्ये त्यांना स्पॅनिश राजाने हाकलल्यावर ती हात बदलत गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशाचे राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या मानुएल गोन्सालेस यांच्याकडे आली.

१९१० मध्ये क्रांती पेटली. मोरेलोस प्रांतात उसाच्या आसिएंडांनी गावांच्या जमिनी गिळल्या होत्या. त्या परत मागायला एमिलियानो सापाता उभा राहिला. १९११ च्या नोव्हेंबरात त्याने गावच्या शाळेतला मास्तर ओतिलियो मोंतान्यो याच्या साहाय्याने ‘आयालाचा मसुदा’ तयार केला. त्यातली मागणी सरळ होती: बळकावलेली जमीन गावाला परत द्या. १९१७ च्या राज्यघटनेच्या २७ व्या कलमाने जमीन मूळची राष्ट्राची असल्याचे मान्य केले आणि वाटपाचा मार्ग कागदावर तरी मोकळा झाला. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय कृषिशाळा चापिंगोच्या जहागिरीत हलवली गेली. जिथे मालकाचा कारभारी हिशेब लिहायचा तिथे वर्ग भरू लागले. शाळेचे तेव्हाचे संचालक मार्ते गोमेस यांनी रिवेराला भिंती देऊ केल्या, त्या या घरात.

रिवेरा तोवर चाळिशीच्या उंबरठ्यावर आला होता. त्याची उमेदीची वर्षे पॅरिसमध्ये गेली होती, घनवादी चित्रे काढून तिथे त्याने नाव मिळवले होते. परतण्यापूर्वी तो इटलीत फिरला आणि तिथल्या चर्चांच्या, नगरसभागृहांच्या भिंती पाहून आला. १९२१ मध्ये मायदेशी आल्यावर शिक्षणमंत्री होसे वास्कोन्सेलोस यांच्या योजनेत त्याला सार्वजनिक इमारतींच्या भिंती मिळाल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्यांच्या देशात भिंत हेच पुस्तक, अशी ती कल्पना. चापिंगोचे काम चालू असताना राजधानीत शिक्षण मंत्रालयाच्या चौकांचे कामही चालू होते. एक माणूस दोन्हीकडे पळत होता.

रंगवण्याच्या पद्धतीविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण या चित्रांचा पोत आणि त्यांचे तुकडे तिच्यातून येतात. अजिंठ्याचे चित्रकार मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेला रंग लावत. रिवेराची पद्धत वेगळी, ओल्या चुन्याची. कळीचा चुना पाण्यात विरवून महिनोन्महिने मुरत ठेवायचा. मग संगमरवराची भुकटी घालून त्याचे थर द्यायचे, आणि सर्वांत वरचा पातळ थर फक्त एका दिवसात रंगवून होईल एवढ्याच जागेवर चढवायचा. चापिंगोत पाब्लो ओ’हिगिन्स आणि रामोन आल्वा ग्वादारामा हे मदतनीस होते. गिलावा करणे, रंग घोटणे आणि रेखाटन भिंतीवर उतरवणे ही कामे मदतनिसांची. रंगात पाण्याखेरीज काही नसते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून पुन्हा दगड होऊ लागतो आणि त्या दगडात रंगाचे कण कोंडले जातात. ही वेळ काही तासांचीच. ती टळली की भिंत रंग घेत नाही, आणि हात चुकला तर तो तुकडा करणीने खरवडून पुन्हा गिलावा करण्यावाचून इलाज नसतो. तिरक्या उजेडात पाहिले तर एका दिवसाचे काम कुठे संपले आणि दुसऱ्याचे कुठे सुरू झाले, तो सांधा दिसतो.

चुन्याला टिकणारे रंग मोजके: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, कोळशाचा काळा, काही खनिज निळे. चापिंगोच्या चित्रांचा मातकट तांबूसपणा निव्वळ आवडीतून आलेला नाही. चुन्याने जे ठेवले ते राहिले. मंत्रालयाच्या भिंतींवर रिवेराने आधी फड्या निवडुंगाचा चीक रंगात मिसळून पाहिला होता, पूर्वजांची रीत म्हणून. त्यातले सेंद्रिय द्रव्य कुजून डाग पडले आणि तो नाद त्याने सोडला. इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्या चुन्यावर ही चित्रे आहेत तोच चुना मेक्सिकन स्वयंपाकघरात हजारो वर्षे आहे. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर तसाच ठेवून, सकाळी धुऊन दगडी पाट्यावर वाटायचा आणि त्याच्या भाकऱ्या थापायच्या. चुन्यामुळे दाण्याचे टरफल सुटते आणि एरवी अंगी न लागणारे नायासिन हे जीवनसत्त्व मोकळे होते. युरोपियनांनी मका नेला पण ही रीत नेली नाही, तेव्हा इटलीच्या मकाखाऊ खेड्यांत पेलाग्रा रोगाने माणसे मेली. शेतीचे ज्ञान शेतातच संपत नाही, ते चुलीपर्यंत जाते, हे रिवेराने रंगवलेले नाही. पण त्याच्या भिंतीत ते मुरलेले आहे.

कामाची सुरुवात प्रशासकीय इमारतीच्या जिन्यापासून झाली. तिथे जमिनीच्या वाटपाचे चित्र आहे, शेतकरी आणि कामगार यांच्या हातमिळवणीचे आहे, आणि चांगले राज्य व वाईट राज्य अशी जोडी आहे. ही जोडी त्याने इटलीतल्या सिएना शहरातून उचलली. तिथल्या नगरसभागृहात अंब्रोजो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराची फळे रंगवली होती. चांगल्या राज्यात नांगरट, मळणी, बाजाराकडे निघालेली जनावरे, आणि वाईट राज्यात ओसाड शिवार. सरकार कसे आहे हे शिवारात दिसते, हा विचार सहाशे वर्षे जुना, आणि रिवेराने तो जिथे उद्याचे कृषी अधिकारी रोज चढणार-उतरणार तिथे लावला. जिन्यावरच शाळेचे घोषवाक्य आहे. त्याचा आशय असा, की इथे जमिनीकडून काम करून घ्यायला शिकवतात, माणसाची पिळवणूक करायला नव्हे.

मुख्य काम मात्र जहागीरदाराच्या खासगी प्रार्थनामंदिरात आहे. १९२६-२७ मध्ये त्याने भिंती, कमानी, छत आणि गोल खिडक्यांच्या भोवतालची जागा असा ७०० चौरस मीटरच्या आसपासचा भाग रंगवला. आत गेल्यावर एका बाजूच्या भिंतीवर निसर्गाची वाटचाल आहे: जमिनीखालच्या शक्ती, रुजणे, वाढणे, फुलोरा, फळ. समोरच्या भिंतीवर माणसांच्या लढ्याची वाटचाल. जमिनीच्या पोटातल्या शक्तींसमोर गुपचूप चाललेली शेतकऱ्यांची संघटना. बीज रुजते त्याच्या समोर माणसांची जाग. टोकाच्या मुख्य भिंतीवर, जिथे वेदी असायची तिथे, मुक्त झालेली भूमी: वारा, पाणी आणि आग यांच्या मध्ये पहुडलेली गरोदर स्त्री. क्रांती बियाण्यासारखी आपोआप उगवते असे रिवेराला म्हणायचे असेल तर ते मला पटत नाही. बियाण्याला पाऊस लागतो, लढ्याला माणसांचा निर्णय लागतो. पण दोन भिंतींच्या मध्ये उभे राहणाऱ्याला मान दोन्हीकडे वळवावी लागते, आणि ही सक्ती मोलाची आहे. परागसिंचन शिकून आलेला विद्यार्थी वळून पाहतो तो समोर भूमिहीन उभे.

या मालिकेतले जे चित्र मी पुन्हा पुन्हा पाहतो ते सापाता आणि मोंतान्यो यांचे. खाली जमिनीत दोघे आडवे पुरलेले, लाल कफनात गुंडाळलेले, चेहरे उघडे. वर मक्याचे शेत. मुळे खाली उतरतात आणि त्या लालावर पीक उभे राहते. शीर्षकही तसेच आहे: क्रांतिकारक हुतात्म्यांचे रक्त जमीन सुपीक करते. सापाताला १० एप्रिल १९१९ रोजी चिनामेका इथल्या आसिएंडात दगा देऊन मारले, हे खरे. पण मोंतान्योला शत्रूने मारले नाही. फितुरीच्या आरोपावरून सापाताच्याच बाजूच्या लोकांनी त्याच्यावर खटला भरला आणि १९१७ मध्ये त्याला गोळ्या घातल्या. ज्याने जमिनीच्या मागणीला शब्द दिले त्याला त्याच्याच सोबत्यांनी संपवले, आणि दहा वर्षांनी रिवेराने दोघांना एकाच शेताखाली शेजारी झोपवले. हे इतिहासाला रंग फासणे आहे की त्या मास्तरला परत दिलेला मान आहे? मी दुसऱ्या बाजूने कौल देतो, पण वाचकाला दोन्ही बाजू ठाऊक असाव्यात म्हणून हे इथे नोंदवले. भित्तिचित्र सत्य सांगते तेव्हाही ते निवडून सांगते.

आणखी एक निवड खटकते. या मंदिरात स्त्री बहुतेक ठिकाणी भूमी आहे. मुख्य भिंतीवरच्या भूमीसाठी रिवेराची पत्नी ग्वादालुपे मारिन समोर बसली होती, तर निजलेल्या कोऱ्या भूमीसाठी छायाचित्रकार तीना मोदोत्ती. भुईला आई म्हणणाऱ्या, वारली चौकात पालघट पाहिलेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही. तरीही प्रश्न उरतो: निंदणी-खुरपणी करणारी, बी निवडून मडक्यात राखून ठेवणारी, मका वाटणारी बाई कुठे आहे? जगातल्या अनेक ठिकाणी बियाणे बाईने राखले. तिला भूमी केले की ती सुंदर दिसते, पण तिच्या हातातले काम दिसेनासे होते.

आता वर्ध्याच्या माणसाकडे वळतो. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांची ओळख मराठी वाचकाला वीणा गवाणकर यांच्या चरित्रामुळे झालेली आहे. तरुणपणी इंग्रजांशी लढण्याचा मार्ग शोधत ते जपानमार्गे अमेरिकेत गेले, तिथे ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत शेतकी शिकले, १९१३ च्या गदर चळवळीच्या उभारणीत होते, पहिल्या महायुद्धात इराणात लढले. बर्लिन, मॉस्को करत १९२४ मध्ये मेक्सिकोला पोचले आणि चापिंगोच्या कृषिशाळेत शिक्षक झाले. रिवेराचे जिन्यावरचे काम सुरू झाले तेही १९२४. थंडी आणि अवर्षण सोसणारा मका, गहू, कडधान्ये यांवर खानखोजे यांनी काम केले; मक्याचा रानटी भाऊबंद तेओसिंते, ज्याच्यापासून सुमारे ९,००० वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या नैर्ऋत्य भागात मका घडला, त्याच्या संकराचे प्रयोग केले. आणि केवळ शाळेत बसून राहिले नाहीत. गावोगावच्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी ‘मुक्त कृषिशाळा’ काढल्या, जिथे फी नाही, पदवी नाही, शेतकरी आपल्या शिवारातच शिकेल. त्यातली एक सापाताच्या नावाची होती. या शाळांची छायाचित्रे तीना मोदोत्तीने टिपली आहेत, आणि मंदिरातल्या भिंतीवर भूमी होऊन निजलेली ती इथे कॅमेऱ्यामागे उभी राहून शेतकऱ्यांचे चेहरे पाहते आहे, हे मला त्या भिंतीचे उत्तरच वाटते.

रिवेराच्या भिंतींवर शेतकरी ऐकतो, लढतो, मरतो, जेवतो. तो शिकताना आणि शिकवताना क्वचित दिसतो. खानखोजे यांच्या मुक्त शाळांनी ती उणीव भरून काढली. ज्याने बंदूक धरली होती त्यानेच बियाण्याची चाळणी धरली. फुल्यांची ती जोड एकाच आयुष्यात पुन्हा जुळली, पण आपल्या देशात नव्हे. रिवेराने त्यांची आठवण ठेवली, ती चापिंगोत नव्हे तर शिक्षण मंत्रालयात, १९२८ च्या सुमारास रंगवलेल्या ‘आपली भाकर’ या चित्रात. मेजाभोवती वेगवेगळ्या वर्णांची, वयांची माणसे बसली आहेत आणि मधला माणूस पाव मोडून वाटतो आहे. तो चेहरा खानखोजे यांचा मानला जातो. हे चित्र प्रस्तुत मालिकेचा भाग नसले तरी परिशिष्टात घेतले आहे. त्याशिवाय मराठी संग्रह अपुरा राहिला असता.

चापिंगोची गोष्ट १९२७ मध्ये थांबत नाही. राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांच्या १९३४ ते १९४० या कारकिर्दीत सुमारे १.८ कोटी हेक्टर जमीन वाटली गेली. भिंतीवरचे वाटप प्रत्यक्षात आले ते तेव्हा. पुढे १९४३ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या मदतीने धान्य-संशोधन सुरू झाले आणि त्याची प्रायोगिक शेते चापिंगोतच होती. त्याच रॉकफेलर घराण्याने १९३४ मध्ये न्यूयॉर्कमधले रिवेराचे भित्तिचित्र लेनिनच्या चेहऱ्यावरून फोडून टाकले होते. १९४४ मध्ये कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग या धान्य-संशोधनाच्या कामावर आले. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले: लर्मा रोहो, सोनोरा-६४. त्याच मेक्सिकन सामग्रीतून निवडलेले कल्याणसोना आणि सोनालिका महाराष्ट्रातल्या जुन्या शेतकऱ्यांनी पेरलेले आहेत. बियाणे आले आणि पोटे भरली, याचे मोल मी कमी मानत नाही. पण बियाणे एकटे आले. समोरची भिंत आली नाही. पाणी, खत आणि पैसा ज्याच्याकडे, त्याच्याच रानात ते आधी पिकले.

आपल्याकडे समोरची भिंत वेगळी उभी राहिली. १९४८ च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने पश्चिम महाराष्ट्रात नि कोकणात अनेक कुळे मालक झाली. खानखोजे यांच्या मुलखात १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. हा आपल्या शेतीच्या इतिहासातला फार मोठा पालट. तो कोणत्या भिंतीवर आहे? कृषी महाविद्यालयाचा कोणता विद्यार्थी रोज त्याच्या पुढून जातो? खानखोजे यांना स्वातंत्र्यानंतर मध्य प्रांताच्या शासनाने शेतीसुधारणेसाठी बोलावले, तेव्हा ब्रिटिशांनी काळ्या यादीत घातलेले नाव आडवे आले. १९५५ मध्ये ते नागपुरात स्थायिक झाले आणि १९६७ मध्ये तिथेच वारले. चापिंगोत त्यांचा पुतळा २०२२ मध्ये बसला.

संग्रहाच्या रचनेविषयी दोन शब्द. चित्रांचा क्रम रंगवण्याच्या क्रमाने, म्हणजे जिन्यापासून, ठेवला आहे. मंदिर पुस्तकाच्या मध्यावर येते. स्पॅनिश नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. गोल खिडक्यांच्या भोवतीची चित्रे पुस्तकात सपाट दिसतात, म्हणून त्यांच्यासोबत भिंतीचा आराखडा दिला आहे. मंदिरातली निसर्गाची आणि लढ्याची चित्रे डाव्या-उजव्या पानांवर जोडीने छापली आहेत, ती जोडीनेच पाहावीत.